शंकरराव चव्हाण : दिल्लीत गृहमंत्री, गावाकडे ‘पाण्याचे हेडमास्तर’, जायकवाडीचा हिशोब आपल्या चारीपर्यंत कसा येतो?

जालना : पैठणहून डाव्या कालव्याला पाणी सुटलं की अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांत फोनाफोनी सुरू होते. पाणी कुठवर आलं, आपल्या चारीला कधी येणार, टेलच्या गावाला पोहोचणार की वरच अडणार. पाटकऱ्याचा नंबर ज्याच्याकडे असतो त्याला त्या आठवड्यात सगळे मान देतात. हे धरण आणि हा कालवा ज्या माणसाने सरकारात बसून लावून धरला, त्या शंकरराव चव्हाणांचं नाव मात्र आता भाषणापुरतं उरलंय. विशी-तिशीतल्या पोरांना विचारा, ‘अशोकरावांचे वडील’ एवढंच सांगतील.

हा माणूस दोनदा महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. दिल्लीत शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह आणि अर्थ अशी खाती सांभाळली. मराठवाड्यातून दिल्लीत इतकी मोठी आणि इतकी वेगवेगळी खाती सांभाळणारे नेते मोजकेच. तरी जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा त्यांच्याशी खरा संबंध येतो तो पाण्यातून. त्यांनी मांडलेला पाण्याचा हिशोब अजून पुरा झालेला नाही, म्हणून ही माहिती.

पैठणचा मुलगा, नांदेडचा वकील

शंकरराव भाऊराव चव्हाण यांचा जन्म 14 जुलै 1920 चा, पैठणचा. नंतर सगळं राजकारण नांदेडमधून झालं म्हणून लोक त्यांना नांदेडचेच समजतात, पण मूळ गोदाकाठचं. ज्या गावात जन्म झाला त्याच गावाशेजारी पुढे धरण उभं राहिलं.

तेव्हा आपला सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. शंकररावांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली सुरू केली आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मुक्तिलढ्यात पडले. लढा तापला तेव्हा वकिली बाजूला ठेवली आणि सरहद्दीपलीकडच्या उमरखेड केंद्रातून काम केलं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. त्यानंतर नांदेडचं नगराध्यक्षपद, 1956 नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री, आणि 1960 ला महाराष्ट्र झाला तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात पाटबंधारे आणि वीज खातं. दोघांचं आडनाव एक, पण नातं नाही. यशवंतराव कराडचे. ही गल्लत अजूनही बरेच जण करतात.

पाटबंधारे खातं त्यांच्याकडे बरीच वर्षं राहिलं. मंत्री बदलले की खाती बदलतात, आणि धरणाचं काम तर पंधरा-वीस वर्षांचं. एकाच माणसाकडे खातं टिकलं म्हणून मराठवाड्यातली धरणं कागदावरून जमिनीवर आली, असं म्हणायला हरकत नाही. पूर्णा नदीवरचं येलदरी-सिद्धेश्वर, नांदेडची विष्णुपुरी उपसा योजना, आणि सगळ्यांत मोठं जायकवाडी.

जायकवाडी नावाचं गाव कुठंय?

पैठणला धरण आणि नाव जायकवाडी, हे कोडं अनेकांना पडतं. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर धरणाची जी आखणी झाली ती त्या गावाजवळची होती. नंतर जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला सरकली आणि नाव जुनंच राहिलं. यातलं गणित सरळ आहे. कालव्याचं पाणी उताराने जातं, चढत नाही. धरण जितकं वर तितकी जास्त जमीन कालव्याच्या खालच्या बाजूला येते. पण वर सरकलं की वरची गावंही जास्त बुडतात. फायदा आणि नुकसान एकाच जागेत होतं.

18 ऑक्टोबर 1965 ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. पाकिस्तानबरोबरचं युद्ध थांबून जेमतेम महिना झाला होता आणि देशाला धान्य बाहेरून आणावं लागत होतं. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव. म्हणजे 2026 हे त्या उद्घाटनाचं पन्नासावं वर्ष.

आता आकडे, कारण पुढचं भांडण समजायला ते लागतात. धरणाची लांबी सुमारे 10 किलोमीटर, दरवाजे 27. एकूण साठा सुमारे 102 टीएमसी. त्यातले 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. वापरायला उरतात 76 टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये जवळपास 2,830 कोटी लिटर. डावा कालवा 208 किलोमीटरचा, तो आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण पट्ट्यातून परभणीकडे जातो. उजवा 132 किलोमीटरचा, बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाकडे. डाव्याखाली सुमारे 1 लाख 41 हजार हेक्टर, उजव्याखाली सुमारे 42 हजार हेक्टर जमीन भिजवायची असं ठरलं होतं.

आणि बुडालं किती? नाथसागराचा फुगवटा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावं उठली. गोदाकाठची काळी जमीन ती, तिच्यासारखी दुसरी कुठून आणणार. पुनर्वसनाची भांडणं कित्येक वर्षं चालली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 मध्ये. म्हणजे धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षी, गावं उठून गेल्यावर. शंकररावांचं कौतुक करताना हे लपवायचं कारण नाही. अंबड-घनसावंगीतला हिरवा पट्टा कुणाच्या तरी घरादारावरून आलेल्या पाण्यावर उभा आहे.

1975 चा एक कागद

धरण बांधलं म्हणजे पाणी आपलं झालं, असं नसतं. गोदावरी पुढे आंध्रात जाते (आता तेलंगणातून), आणि खालचं राज्य विचारणारच की आमचं काय. या नदीच्या वाटपासाठी बच्छावत लवाद नेमला होता. ऑक्टोबर 1975 मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी : गोदावरीचं पैठण धरणापर्यंतचं आणि पूर्णेचं सिद्धेश्वर धरणापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं. पुढे 1980 च्या लवादाच्या निवाड्यात हे पक्कं झालं. करार झाला तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते.

पैठणपर्यंतचं पाणी महाराष्ट्राचं, हे ठरलं. पण महाराष्ट्रात कुणाचं? नाशिकचं, नगरचं की मराठवाड्याचं? ते त्या कागदात नव्हतं. आजचं भांडण नेमकं तिथं आहे.

हेडमास्तर

शंकररावांना राजकारणात ‘हेडमास्तर’ म्हणायचे. शिस्त कडक, वेळ म्हणजे वेळ, फाइल अडवलेली खपायची नाही, आणि बोलणं कोरडं. सचिवालयाचं ‘मंत्रालय’ असं नाव झालं ते त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत. कामाच्या माणसाला हेडमास्तर आवडायचा, टोळक्याने फिरणाऱ्याला नाही. जमवाजमवीचं राजकारण त्यांना फारसं साधलं नाही, आणि त्याची किंमत त्यांनी दोन्ही वेळा मोजली.

पहिली कारकीर्द फेब्रुवारी 1975 ते मे 1977. त्यातला मोठा काळ आणीबाणीचा. म्हातारी माणसं अजून ‘नसबंदीचा काळ’ म्हणतात तो हाच. विरोधक तुरुंगात होते, आणि 1976 मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं. असं विधेयक मंजूर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पण विधेयक आणणारं सरकार शंकररावांचं होतं, हे कारकिर्दीच्या खात्यात खर्चाच्या बाजूला लिहावं लागतं. धरणाचं उद्घाटन आणि हे विधेयक, दोन्ही एकाच वर्षातलं.

1977 च्या लोकसभेत काँग्रेस आपटली, शंकररावांचं पद गेलं, वसंतदादा पाटील आले. पुढे शंकररावांनी वेगळी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस काढली, आणि 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात अर्थमंत्री झाले. मुख्यमंत्री राहिलेला माणूस वीस वर्षांनी लहान मुख्यमंत्र्याच्या हाताखाली बसला. काहींनी याला कमीपणा म्हटलं, काहींनी कामाची हौस. नंतर ते पुन्हा इंदिराबाईंकडे गेले आणि 1980 मध्ये नांदेडमधून लोकसभेवर निवडून आले. तिथून दिल्लीचा रस्ता मोकळा झाला.

दिल्लीतलं थोडक्यात. इंदिरा गांधींच्या सरकारात शिक्षण, नियोजन आणि शेवटी संरक्षण. राजीव गांधींनी 1984 च्या शेवटी गृहखातं दिलं. 1985 मध्ये पंजाब करार आणि आसाम करार झाले ते याच काळात. 1988 ते 1989 अर्थमंत्री. गावाकडे ज्यातून कामं निघाली ती जवाहर रोजगार योजना 1989 ची, त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातली. मग 1991 पासून 1996 पर्यंत नरसिंह रावांच्या सरकारात पुन्हा गृहमंत्री. नरसिंह रावही निजामाविरुद्धच्या लढ्यातले, हैदराबाद संस्थानातलेच.

गृहमंत्री म्हणून हीच पाच वर्षं सगळ्यांत अवघड गेली. 6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, देशभर दंगली झाल्या, मार्च 1993 मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट. केंद्राने वेळीच पाऊल का उचललं नाही हा प्रश्न पंतप्रधानांबरोबर गृहमंत्र्यालाही विचारला गेला, आणि त्याचं पटणारं उत्तर देशाला मिळालं असं म्हणता येत नाही. फाइल वेळेत काढणारा माणूस त्या दिवशी वेळ चुकला, असंच लोकांच्या मनात राहिलं. गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साखळीची चौकशी करणारी व्होरा समिती 1993 ची, तीही गृहखात्याचीच. गुन्हेगारांना वरून आसरा मिळतो हे सरकारी कागदावर आलं, पुढे फारसं काही झालं नाही.

आठ महिन्यांचं पाणी

आता पुन्हा शेताकडे या, कारण शंकररावांचा सगळ्यांत धाडसी हट्ट दिल्लीतला नव्हता. तो 1986 ते 1988 या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला आहे : आठमाही सिंचन.

कल्पना साधी होती. धरणाचं पाणी खरीप आणि रब्बी अशा आठ महिन्यांसाठी द्यायचं. उन्हाळ्यात उभ्या असणाऱ्या बारमाही पिकाला, म्हणजे मुख्यतः उसाला, कालव्याने बारा महिने पाणी पुरवायचं नाही. कारण काय? रब्बीची ज्वारी दोन-तीन पाण्यांवर येते. हरभऱ्याला त्याहून कमी. ऊस मात्र वर्षभर जमिनीत आणि वर्षभर तहानलेला. एक एकर उसाच्या पाण्यात कितीतरी एकर ज्वारी-हरभरा निघतो. मग शंभर एकराच्या शिवारात दहा जणांचा ऊस भिजवायचा की सगळ्यांची एकेक रब्बी? हेडमास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं, सगळ्या वर्गाला थोडं थोडं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीच्या पट्ट्याला हे झोंबलं. तिथं कालवे जुने, ऊस जुना, कारखाने मोठे आणि आमदारही भरपूर. विरोध झाला. जून 1988 मध्ये शंकररावांना दिल्लीत अर्थमंत्री म्हणून बोलावलं गेलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. बढती म्हणावी की बदली, ते ज्याने त्याने ठरवावं. आठमाहीचा शब्द सरकारी कागदांत राहिला, शिवारात ऊस वाढत गेला.

आणि तो फक्त पश्चिम महाराष्ट्रात वाढला असं नाही. डाव्या कालव्याखाली आज फेरी मारा. अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना, घनसावंगीत तीर्थपुरीचा सागर. कालवा, गोदावरीवरचे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी हे बंधारे आणि त्यांच्या आधाराने पाणी धरणाऱ्या विहिरी, या सगळ्यावर ऊस उभा आहे. ज्या कालव्याचा बाप आठमाहीचा हट्ट धरून बसला, त्याच कालव्यावर बारमाही पीक.

यात शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. कापसाला बोंडअळी, सोयाबीनचा भाव पडलेला, आणि मोसंबीचं काय झालं ते 2012 च्या दुष्काळात सगळ्यांनी बघितलं. दहा-पंधरा वर्षं जोपासलेल्या बागा वाळल्या आणि लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड लावली. उसाला निदान कायद्याने ठरलेला भाव आहे आणि तोडणी झाली की कारखाना नेतो. ज्वारीला असं कोण नेतं? पाण्याचं वाटप बदलायचं आणि भावाचं तसंच ठेवायचं, हे जमणारं नव्हतं. शंकररावांच्या आठमाहीतली ही बाजू अर्धी राहिली. पण टेलच्या गावाचं म्हणणंही खोटं नाही. वर ऊस वाढला की शेवटच्या चारीला पाणीपाळी संपता संपता ओल पोहोचते, तीही पोहोचली तर.

वरचं धरण, खालचं धरण

दुसरी अडचण पैठणच्या वरची. धरण आखलं तेव्हा नदीत जितकं पाणी येईल असं धरलं होतं तितकं येत नाही. वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणांची रांग आहे. आधी ती भरतात, मग खाली सुटतं. चांगल्या पावसाच्या वर्षी काही बिघडत नाही, नाथसागराचे दरवाजे उघडावे लागतात आणि शहागडला पुराची भीती असते. पण 2012 सारख्या वर्षी धरण मृतसाठ्यात गेलं. त्या वर्षी जालना शहराची अवस्था आठवा. आज शहराच्या नळाला जे पाणी येतं तेही मोठ्या प्रमाणात पैठणहूनच येतं, म्हणजे हा प्रश्न नुसता शेताचा राहिलेला नाही.

शंकरराव 26 फेब्रुवारी 2004 ला गेले. पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या लोकांनी तूट सारखी वाटून घ्यावी, असं तत्त्व त्यात आहे. त्याआधारे मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं आणि 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला : 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून हिशोबाने पाणी सोडायचं. 65 टक्के म्हणजे साधारण 50 टीएमसी. प्रकरण हायकोर्टात गेलं, 2016 मध्ये निकाल समन्यायी वाटपाच्या बाजूने लागला. 2023 मध्ये साठा कमी होता तेव्हा वरून 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर नाशिक-नगरमध्ये आंदोलन, इकडे मराठवाड्यात आंदोलन. वाटेत नदी कोरडी असली की सोडलेल्यातलं बरंच मुरतं, ती वेगळीच ओरड. हा 65 चा आकडा कमी करावा अशी शिफारसही आता झालेली आहे, त्यामुळे पुढची काही वर्षं हा विषय पेटता राहणार.

आणि उत्तरेचं काय?

एक गोष्ट जिल्ह्याच्या उत्तरेचे लोक नेहमी सुनावतात आणि ती बरोबर आहे. जायकवाडीचा कालवा भोकरदन, जाफराबाद, बदनापूरला जात नाही. जाऊ शकतच नाही, ती जमीन कालव्यापेक्षा उंच. तिथं पाऊस, विहीर, पाझर तलाव, शेततळं आणि उन्हाळ्यात टँकर. एकाच जिल्ह्यात एकीकडे पाणीपाळीवरून भांडण आणि दुसरीकडे भांडायलाही पाणी नाही. मोठ्या धरणाने सगळा मराठवाडा भिजेल असं एके काळी बोललं जायचं, ते खरं झालं नाही. शंकररावांच्या पिढीचा मोठ्या धरणावर जरा जास्तच भरवसा होता. गावातलं पाणी गावात अडवायचं काम मागे पडलं, ते नंतरच्या लोकांना करावं लागलं.

कालव्याखालच्या वाचकांसाठी कामाचं तेवढं : पाणीपाळ्या किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. ही बैठक साधारण पावसाळा संपल्यावर होते. पाणी हवं असेल तर नमुना नंबर 7 चा अर्ज मुदतीत शाखा कार्यालयात द्यावा लागतो. बरेच जण अर्ज न देताच पाणी घेतात, मग टेलच्या गावांची मागणी कागदावर कमी दिसते आणि पाणीही त्या हिशोबाने कमी सुटतं. जायकवाडीचा साठा जलसंपदा विभाग रोज जाहीर करतो. त्यातला एकूण साठ्याचा आकडा बघू नका, उपयुक्त साठ्याचा बघा. आणि 15 ऑक्टोबरचा लिहून ठेवा.